बोलता टॅपेट

पळस्पे फाट्यावर पुढे आप्पाचं गॅरेज होतं आणि मागे आमचं घर. आई म्हणायची, घराच्या पुढे गॅरेज आहे. आप्पा म्हणायचा, गॅरेजच्या मागे घर आहे. आणि या वादाचा निकाल दोघांच्या हयातीत काही लागला नाही. मध्ये पत्र्याची एक भिंत होती. तिच्या अलीकडे आईची चूल, तांदळाच्या पिठाचा डबा आणि दोरीला टांगलेले सुके बोंबील. पलीकडे ग्रीस, पाने आणि कुणाच्या ना कुणाच्या गाडीचं उघडं पडलेलं बॉनेट. त्या पत्र्यातून सगळं आरपार ऐकू जायचं. आई भाकरी थापायला बसली की दोन-चार थापांतच आप्पा पलीकडून ओरडायचा, "पीठ सैल झालाय गो!" आणि ते खरंच सैल झालेलं असायचं. आई चिडायची. "तुमचा कान इंजिनात घाला, माझ्या परातीत नको," असं म्हणायची आणि गुपचूप मूठभर पीठ आणखी टाकायची.

पनवेलच्या शाळेत माझ्या मैत्रिणी वडिलांना अहोजाहो करायच्या. आमच्याकडे आप्पा म्हणजे 'अरे आप्पा', आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. म्हणून इथेही मी त्याला 'तो'च लिहिणार आहे. 'ते' लिहायला लागले की मला ती कुणा भलत्याच माणसाची हकीकत वाटायला लागते. लोक त्याला धर्मामिस्त्री म्हणत. उंचीला बेताचा, रागाला भरपूर, आणि कानाला असा तिखट की लांबून येणारी गाडी दिसायच्या आधी तिचं दुखणं सांगायचा.

दिवेलागणीला आम्ही जेवायला बसायचो. मी, माझा मोठा भाऊ ज्याला मी दादा म्हणते तो, आणि आप्पा. आई वाढायची. मुंबईकडून आलेली गाडी फाट्यावर एक तर सरळ पुण्याकडे जायची, नाही तर गोव्याकडे वळायची, आणि वळायचं म्हणजे गिअर खाली टाकावा लागे. तो आवाज आला की आप्पा हातातला घास तसाच धरून विचारायचा, "कोण गेला?" मग आम्ही सांगायचं, ट्रक की टेंपो, भरलेला की रिकामा, आणि वळला कुठे. नीट सांगितलं तर म्हणायचा, "बरोबर." अर्धवट सांगितलं तर "आर्धा बरोबर." आणि चुकलं तर एक अक्षर न बोलता आमच्या ताटात टाकायला उचललेला बोंबलाचा तुकडा परत स्वतःच्या तोंडात टाकायचा. दादाने अशा खेळात फार बोंबील गमावले. मी कमी गमावले, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

आता फाट्यावर पूल झालेत, वरून गाड्या जातात आणि खाली उभं राहिलं तर नुसता घोंगाट ऐकू येतो. माझ्याही कानात मशीन आलं आहे. परवा दादाची नात तिची नवी विजेवरची गाडी घेऊन थेट माझ्या दारात येऊन थांबली आणि मला पत्ताच नाही. मी घाबरून मशीन काढून पाहिलं, सेल बदलला, तरी तेच. शेवटी तिनेच हसत सांगितलं की आत्या-आजी, मशीन चांगलं आहे, गाडीच मुकी आहे. आप्पा असता तर अशा गाडीवर त्याने विश्वास ठेवला नसता.

इंजिनाची ताकद कशात असते हे मला आप्पाने आईच्या कुकरवर शिकवलं. कुकरचं झाकण घट्ट बसलं तर आत वाफ दबते आणि वालाचं बिरडं शिजतं. रिंग सैल झाली किंवा शिट्टी नीट बसली नाही तर वाफ निसटते आणि दाणे दातांखाली कच्चे लागतात. इंजिनातही पिस्टन हवा दाबतो. त्या दाबाला कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर तो दाब खालून निसटतो, आणि वरच्या झडपा, ज्यांना गॅरेजात सगळे 'वॉल' म्हणतात, त्या नीट मिटल्या नाहीत तर वरून. खालून निसटत असेल तर सगळं इंजिन उतरवावं लागतं. वरून निसटत असेल तर पुष्कळदा वरच्यावर भागतं. म्हणून कॉम्प्रेशन कमी झालेली जुनी गाडी आली की मिस्त्रीने पहिल्यांदा हे ओळखायचं असतं की वाफ जाते कुठून.

आणि या झडपांचा जीव असतो टॅपेटमध्ये. टॅपेट झडपेला दाबून उघडतो. दोघांच्या मध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते, कारण इंजिन तापलं की लोखंड वाढतं. फट असली की चालू इंजिनातून बारीक टिकटिक येते. फट नसली तर टिकटिक बंद होते, पण मग झडप पुरती मिटतच नाही आणि हळूहळू जळते. गिऱ्हाइकाला टिकटिक नको असते. आप्पा अशा गिऱ्हाइकाला खास त्याच्या आवाजात सुनवायचा, "टॅपेट बोलता पायजे. मुका झाला का वॉल गेला समज." ती फट मोजायला पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा मिळतो, फिलर गेज म्हणतात त्याला. आप्पाने तो जन्मात हाती धरला नाही. चालू इंजिनावर वाकायचा, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि पेच आवळत-सैल करत आवाज बारीक करत आणायचा. पनवेल-उरण पट्ट्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी धर्मामिस्त्रीचा कान म्हणजे शेवटचा शब्द होता.

मी ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे त्याच्या आधीच्या वर्षभरात जेवतानाचा खेळ बंद पडला होता. दादा तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात शिफ्टला लागला होता, तो कधी असायचा कधी नसायचा. आम्हाला वाटलं, खेळायला माणसं उरली नाहीत म्हणून बंद पडला. आप्पा परातीतल्या पिठाबद्दलही बोलेनासा झाला होता. आम्हाला वाटलं, वयाने निवळला. स्क्रू ड्रायव्हरची मूठ तो आता कानाला न लावता दातांत धरायचा. मला वाटलं, ही नवीन ऐट. माणसं डोळ्यांसमोर असतात आणि आपण त्यांच्याबद्दल काय काय समज करून घेतो, ते आठवलं की मला आज माझीच कीव येते.

दादा कारखान्यात गेला आणि मी मोटार मेकॅनिकच्या कोर्सला नाव घातलं. वर्गात मुलगी मी एकटी. आप्पाने नाही म्हटलं नाही, फक्त म्हणाला, "तिकरं शिकायला जातेस का शिकवायला?" हे त्याच्या तोंडून आलेलं कौतुक होतं, पण मी तेव्हा वीस वर्षांची होते, मला ते टोमणाच वाटलं. सुट्टी लागली तेव्हा आमच्या सरांनी मला कॉम्प्रेशन मोजायचं गेज वापरायला दिलं. प्लग काढून त्या भोकात त्याची नळी बसवायची, सेल्फ मारायचा, आणि तबकडीवर काटा दाब दाखवतो. मी ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं. आप्पाने उलटंपालटं करून पाहिलं आणि बाकावर ठेवून दिलं. "घड्याल चांगला हाय," म्हणाला, "येल सांगंल का?" त्यानंतर पंधरा दिवस तो दर सकाळी मला किती वाजले विचारायचा.

अशात नाखवा आला. नाखवा म्हणजे होडीचा मालक. त्याचं खरं नाव मला आजतागायत माहीत नाही. उरणकडच्या खाडीकाठचा, आवाज गडगडाटी, कारण समोरच्या होडीशी बोलायची सवय झालेला माणूस घरातही तसाच बोलतो. त्याच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती. गाडीचं नाव लिहीत नाही. डिकीत सुकटीचा वास इतका मुरला होता की कंपनीलाही ती आपली म्हणून ओळखता आली नसती. त्याची लेक पेणला दिली होती. दर पंधरवड्याला तो म्हावरं घेऊन तिच्याकडे जायचा, आणि जाता-येता आमच्याकडे चहा प्यायचा.

"धर्मा, गाडी कर्नाल्याच्या खिंडीत बसते रं," तो आल्या आल्या गरजला. "परवा जावयाला ढकलायला लावली. जावयाला! माजी लेक काय बोलली असंल, तूच सांग." मग त्याने खरी गोष्ट सांगितली. नवीन पनवेलमधल्या एका चकचकीत गॅरेजवाल्याने गाडी पाहून सांगितलं होतं की इंजिन संपलं, भंगारात द्या. "मी त्याला बोललो, धर्मामिस्त्रीनं कान लावल्याबिगर मी कुनाचा आयकनार नाय. तू बोललास संपला, तर संपला. उंद्याच देतो भंगारात." आणि गाडी आमच्या दारात ठेवून तो एस.टी.ने निघून गेला. दोन दिवसांनी दुपारी निकाल ऐकायला येतो म्हणाला.

आप्पाने त्या दिवशी गाडीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपल्या पद्धतीने तपासायला घेतलं. चौथ्या सिलिंडरचा प्लग काढला, झडपा मिटतील असा पिस्टन वर आणला आणि प्लगच्या भोकातून टायरच्या हवेची नळी जोडून आत हवा सोडली. हे त्यानेच मला शिकवलेलं होतं. आत हवा सोडायची आणि तीन तोंडांना कान लावायचा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा. कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून आली तर वॉल. मी हवेचं मशीन बंद केलं, टाकीतली साठलेली हवा तेवढी जात होती. फाट्यावरही त्या क्षणी कुठलं वाहन नव्हतं. आप्पाने ऑइलच्या तोंडाला कान लावला, कार्बोरेटरला लावला, मागे जाऊन गुडघ्यावर बसून सायलेन्सरला लावला. परत ऑइलच्या तोंडाशी आला. उभा राहून हात पुसले आणि म्हणाला, "रिंगा. इंजिन उतरावा लागंल. एवरा खर्च करून तरी काय, भंगारातच जाऊ दे."

मी सायलेन्सरपाशीच उभी होते. मला न वाकताही ऐकू येत होतं. पुढचे दात पडलेलं पोर शीळ घालायला जातं तसा तो आवाज होता, स्पष्ट, न थांबणारा. मी पुढे जाऊन ऑइलच्या तोंडाला कान लावला. तिथे काही नव्हतं.

"आप्पा, हवा सायलेन्सरातून येते."

"काय?"

"सायलेन्सरातून येते, वॉल आहे! तुला आली नाही ऐकू?"

त्याचा चेहरा एकदम लाल झाला. "माज्या कानाला नावा ठेवतेस? लाव तुजा घड्याल, लाव! बगू त्यात किती वाजलेत."

मला हेच हवं होतं, असं मी कबूल करते. कोर्सला जाणाऱ्या मुलीच्या अंगात असतो तो सगळा शिष्टपणा माझ्या अंगात होता. मी इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, एकेका भोकात गेज लावून सेल्फ मारला. तीन सिलिंडरांचा काटा जायला हवा त्याच्या बराच खाली थांबला, चौथ्याचा तर अर्ध्यावरच. मग मी आईचा चहाचा चमचा आणला, प्रत्येक भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं आणि पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असल्या तर ते ऑइल त्यांच्या फटी बुजवतं आणि काटा चढतो. काटा जेमतेम थरथरला. म्हणजे रिंगा चांगल्या होत्या, दाब वरून जात होता. मी विजयी चेहऱ्याने आप्पाकडे पाहिलं. "घड्याल बिघडलाय," तो म्हणाला आणि हात धुऊन जेवायला निघून गेला.

एकटी उरल्यावर मी वरचं टॅपेट कव्हर उघडलं आणि फिलर गेज घेतलं. पट्टी पहिल्या फटीत जाईना. त्याहून पातळ घेतली, तीही जाईना. सगळ्यांत पातळ, केसासारखी, तीही नाही. आठ झडपा, आठही आवळलेल्या. आधी मला वाटलं, हे त्या चकचकीत गॅरेजवाल्याचं काम. पण त्याने तर कव्हरला हातही लावला नव्हता. बोल्टांवर आप्पाचीच लाल खूण होती, तो लावायचा ती. मग आठवलं की दोनेक महिन्यांपूर्वी नाखवाच टिकटिकीची तक्रार घेऊन आला होता. आप्पाने टॅपेट लावून दिले होते, आणि गाडी कशी एकदम गप झाली म्हणून नाखवा खूश होऊन गेला होता. बोलता टॅपेट पाहिजे म्हणून जन्मभर लोकांशी भांडलेल्या माणसाने आठच्या आठ टॅपेट मुके करून ठेवले होते.

मी चमचा द्यायला घरात गेले. आप्पा जेवून खाटेवर पडला होता, डोळे उघडे, नजर आढ्याला. चुलीशेजारच्या स्टोव्हवर कुकर होता, त्याच्यापासून चार हातांवर. त्याची शिट्टी झाली. एक झाली, दोन झाल्या, तिसरी तर चांगली लांबलचक. आप्पाची पापणीसुद्धा हलली नाही. मी चमचा हातात धरून तशीच उभी राहिले आणि मला सगळं एकदम कळलं. टिकटिक हा बारीक आवाज, तो त्याला आता येतच नव्हता. म्हणूनच तो मूठ दातांत धरायचा, निदान थरथर तरी हाडाला कळावी म्हणून. कधीतरी सैल राहिलेल्या टॅपेटबद्दल गिऱ्हाइकाने तोंडावर सांगितलं असेल, आणि तेव्हापासून कुणी पुन्हा बोट ठेवू नये म्हणून तो प्रत्येक पेच थोडा जास्तच आवळत होता. आणि आज तीन तोंडांना कान लावून त्याने रिंगा सांगितल्या ते निव्वळ अंदाजाने. मला रडू यायला लागलं. तासाभरापूर्वीचा माझा शिष्टपणा कुठे तोंड लपवावं असा झाला.

आई सुपात जवळा, ती सुकी बारीक कोलंबी, निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसून हळूच म्हटलं, "आई, आप्पाला ऐकू येत नाही."

"वरीस झाला," ती सुपातून मान वर न करता म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"भाकरी सैल थापून बगली मी. दोनदा, तीनदा. काय बोलला नाय." तिने सूप पाखडलं. "म्हनून आता हाक नाय मारत. जाते नि खांद्याला हात लावते. तू काय बोलू नको त्याला. त्याला सांगायचा तवा सांगंल."

मी आईकडे पाहत राहिले. वर्षभर ती भाकरी टाकून, हात पुसून, पत्र्याला वळसा घालून जेवायला बोलवायला जात होती, आणि मला वाटत होतं की आईला चालायची हौस आहे.

दुसऱ्या दिवशी आप्पा सामान आणायला पनवेलला गेला तेव्हा मी आठही टॅपेट फिलर गेज लावून सैल केले आणि पुन्हा काटा पाहिला. तीन सिलिंडर टुणकन वर आले. चौथा मात्र तिथेच. त्याचा वॉल जळला होता. हेड उतरवून तो बदलून घासून बसवायला हवा होता, पण गाडी भंगारात जायचं काही कारण उरलं नव्हतं. हे नाखवाला सांगितलं तर तो विचारणारच की टॅपेट आवळले कुणी. आणि सांगितलं नाही तर आप्पाच्या शब्दावर उद्या गाडी तोडायला जाणार. मी दुपारभर हेच घोळवत बसले. इतक्या वर्षांत मी पुष्कळ इंजिनं उघडली, पण त्या दुपारइतकी अडले नाही.

नाखवा आला तेव्हा आप्पा नुकताच परतला होता आणि आमच्याकडे पाठ करून पिशवीतलं सामान काढत होता. मी पुढे झाले आणि खालच्या आवाजात नाखवाला सांगितलं, "नाखवा, इंजिन चांगलं आहे. मागच्या वेळी टॅपेट मीच लावले होते. शिकताना जास्त आवळले गेले. एक वॉल जळलाय, करून देते. आप्पाला ओरडू नका, त्याचा काही दोष नाही."

खालच्या आवाजाची नाखवाला सवय नव्हती. "हात्तिच्या!" तो गरजला, "धर्मा! आयकलास का? पोरीनं टॅपेट आवालले म्हनं! बोलू नको हां तिला, शिकते ती. मी पन पयल्यांदा जाला फाडलावता बापसाचा!"

एवढं मात्र आप्पाला ऐकू गेलं. तो वळला. माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या कव्हरकडे, मग बाकावर पसरलेल्या त्या पातळ पट्ट्यांकडे. मी मान खाली घातली.  फाट्यावरून एक मोठा ट्रक खडखडत गेला, आणि मला उगाचच वाटलं की आता तो विचारेल, कोण गेला.

"तिनी नाय," आप्पा म्हणाला. "मी आवालले. मना आयकू येत नाय नाखवा. टिकटिक येत नाय. वरीस झाला." मग माझ्याकडे बोट केलं. "त्या पोरीनं घड्याल लावून सोधला. मी तुजी गाडी भंगारात घालत होतो."

माझा बाप रागावलेला मी हजारदा पाहिला होता. असा उघडा कधी पाहिला नव्हता. मला धावत जाऊन त्याचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तसं काही करायची रीत नाही. मी नुसती उभी राहिले. नाखवाने खिशातून तंबाखूची डबी काढली, चिमूटभर मळली, आणि अर्धी आप्पाच्या तळहातावर ठेवली.

"मना दोन वर्सा झाली, लांबचा दिसत नाय," तो म्हणाला, आणि त्याच्या मानाने ते फारच हळू म्हणाला. "खाडीच्या तोंडाशी खडक हायेत, ते दिसत नाय. मंग काय होरी किनाऱ्याला लावली? भाव पुढं उभा रातो, तो सांगतो, मी सुकानू धरतो. बंदरावर कुनाला ठावं नाय. तुला सांगतो." तंबाखू तोंडात टाकून तो उठला. "गाडी कवा देतेस पोरी?"

तो हे मला विचारत होता. मी आप्पाकडे पाहिलं, आप्पाने दुसरीकडे पाहिलं, तेव्हा मीच सांगितलं, "तीन दिवसांनी."

ते तीन दिवस माझ्या तरुणपणातले सगळ्यांत सुखाचे. आम्ही हेड उतरवलं. नवा वॉल त्याच्या बैठकीवर घासून बसवावा लागतो. वाळूसारखी बारीक पेस्ट लावून, रवीसारखी काठी दोन तळव्यांत फिरवत राहायची. मी फिरवायची, आप्पा काढून बघायचा. त्याचे डोळे शाबूत होते आणि हाताला तर डोळेच होते. बैठकीवर करडी रेघ सगळीकडून सारखी उमटेपर्यंत त्याने मला बावीस वेळा ताक घुसळायला लावलं. मी मोजलं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने पत्र्यापलीकडून नेहमीसारखं खांद्याला हात लावायला न येता तिथूनच मला हाक मारली, "कुंदे, त्याला सांग जेवायला," आणि मी आप्पाच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं. त्याने चिडून म्हटलं, "वरडतेस कशाला, बहिरा हाय का मी?" मग आमचं दोघांचं एकमेकांकडे लक्ष गेलं आणि आम्ही हसत सुटलो. आई धावत आली, काय झालं म्हणून.

सगळं जोडल्यावर टॅपेटची फट मी पट्टीने लावली. आप्पा शेजारी उभा राहून त्या पट्ट्या बघत होता, पण वेळ काही विचारली नाही. गेज लावलं तर चारही काटे एकमेकांच्या आसपास. मी सेल्फ मारला. इंजिन लागलं. आप्पाने स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ दातांत धरली, डोळे मिटले, आणि मग तो काढून, सदऱ्याला पुसून, माझ्या हातात दिला. मी मूठ कानाला लावली. आतून आठ जणांची बारीक, सारखी टिकटिक येत होती. "बोलतात," मी म्हटलं. त्याला माझ्या ओठांवरून कळलं.

नाखवा गाडी घेऊन पेणला गेला आणि येताना मुद्दाम थांबला. खिंड तिसऱ्या गिअरात चढली, जावई नुसता बसून होता, असं त्याने रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. गाडी आता टिकटिक करते, हेही सांगितलं. "करू दे," आप्पा म्हणाला. नाखवाने डिकीतून चिंबोऱ्यांची पिशवी काढून आईला दिली.

त्या संध्याकाळी दादालाही सुट्टी होती. आईने चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, आणि पीठ, मला आठवतं, चांगलं घट्ट होतं. आम्ही बोटं चाटत, नांग्या फोडत जेवत होतो. फाट्यावर एक गाडी आली, गिअर बदलल्याचा आवाज झाला. तो आप्पाला ऐकू आला, की जमिनीतून नुसती थरथर लागली, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्याने घास हातात धरला आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा म्हणाला, "कोण गेला?"

दादाने तोंड उघडलं होतं, पण आप्पा माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षं हा प्रश्न विचारताना त्याला उत्तर माहीत असायचं. आज त्याला ते माहीत नव्हतं, आणि ते मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. मी भाकरी खाली ठेवली, त्याला माझं तोंड दिसेल अशी वळून बसले आणि सावकाश सांगितलं, "ट्रक. भरलेला. गोव्याकडे वळला. तिसरा गिअर नीट बसत नाही त्याचा."

आप्पाने थोडा विचार केला. मग आपल्या ताटातली सगळ्यांत मोठी नांगी उचलून माझ्या ताटात टाकली.

"बरोबर," तो म्हणाला.